ताणावरची बाग आणि हिचे उपास

बाईच्या पोटात अंडी असतात, हे मला ह्या वयात कळलं. लेकरं झाली, नातवंडं झाली, शेळ्यांची बाळंतपणं मी सोता माझ्या हातानं केली. पण बाईच्या पोटात, बेंबीच्या खाली दोन्ही अंगाला बदामाएवढी दोन अंडाशयं असतात, हे कुणी सांगितलंच न्हाई. सांगणार तरी कोण? माझी शाळा चौथीत सुटली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं कागदावर चित्र काढलं, पेनाचं टोक एका ठिकाणी टेकवलं आन म्हणाली, "बाबा, आजार इथं आहे. अंडाशयाचा कॅन्सर."

बायको माझ्या शेजारी बसल्ती. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडती. पण ती लाजली होती. परक्या बाईनं माझ्यासमोर तिच्या पोटाचं चित्र काढावं, ह्याची लाज.

माझी शेती अंबडच्या बाजूला. मोसंबीची बाग हाय. बापानं लावलेली न्हाई, मी लावलेली. हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं वारशानं मिळाली. खड्डे मी खांदले, रोपं मी निवडून आणली. बागेचं पाणी कधी तोडायचं, कधी सोडायचं, ह्यात मी कुणाचं ऐकत न्हाई. शेतीखात्याच्या साहेबाचं न्हाई आन पोरांचं तर बिलकुल न्हाई.

त्या दिवाळीच्या आधीपासून हिचं पोट फुगायला लागलं होतं. गॅस म्हणून हिनं ओवा खाल्ला, हिंगाचं पाणी बेंबीला लावलं. गावच्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या. निऱ्या खोचायला येईनात तव्हा शेजारणी थट्टा करायला लागल्या, "काय वं काकू, ह्या वयात?" हीबी त्यांच्यासंगं हसायची. मंग जेवताना दोन घासांत पोट भरायला लागलं आन एक दिवस चालताना धाप लागून ती बांधावर बसली ती उठंना. तिथून आम्ही शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. पोटातून पाणी काढलं. तपासण्या झाल्या.

तिथल्या नर्सबाईनं मला पहिल्याच दिवशी विचारलं, "सोबत कोणी शिकलेलं माणूस आहे का? त्यांना समजावून सांगते."

"मी हाय की."

"तसं नाही बाबा, शिकलेलं."

"बाई, तुम्ही सांगा. न्हाई समजलं तर मी पुन्यांदा विचारीन."

आन मी पुन्यांदा विचारलंच. नर्सबाईला विचारलं, मंग डॉक्टरीणबाईला विचारलं, मंग परत नर्सबाईला, दोघींचं जुळतं का पाहायला. जुळलं. आधी काही आठवड्यांच्या अंतरानं सलाईनमधून औषध द्यायचं, त्याला केमो म्हणतात. त्यानं गाठी आकसल्या की ऑपरेशन. मंग राहिलेलं औषध. पहिला डोस झाला. ही दोन-तीन दिवस पडून राहिली, ओकली, उठली. केस झडले तर टॉवेल बांधून म्हणली, "बरं झालं, तेलाचा खर्चा वाचला."

आता उपासांचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं.

हिचे उपास लग्नाआधीपासूनचे. चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार. आन उपास म्हंजे साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी असला न्हाई. तसली खिचडी आमच्या घरात सून करती आन मी खातो, उपास न धरता. हिचा उपास कडक. सकाळी बिनदुधाचा चहा आन सांजच्याला पूजा झाल्यावर दोन घास. ह्या आजारात हिनं त्यात भर घातली. देवीला बोलली, बरी होईपर्यंत मंगळवार पाण्यावर काढीन.

आन ह्यात एक माझा जावई. तीर्थपुरीला शाळेत मास्तर हाय, माणूस गुणाचा. एका दुपारी मोटरसायकलवर आला, बूट काढायच्या आधीच मोबाईल पुढं केला. "मामा, हे ऐका. मामींचे उपास वाया न्हाई चालले."

मोबाईलमधला माणूस सांगत होता, की शरीराला बाहेरून अन्न मिळालं न्हाई की आतल्या पेशी आपलाच मोडका कचरा खायला लागतात. त्याला ऑटोफॅजी म्हणायचं. मराठीत स्वभक्षण. परदेशातल्या एका शास्त्रज्ञाला त्यासाठी मोठं बक्षीस मिळालं. मंग तो माणूस आवाज चढवून म्हणाला, उपास धरा, कॅन्सरची गाठसुद्धा शरीर खाऊन टाकतं.

मी उडालोच. म्हणलं, "आरं, हा तर ताण हाय!"

जावयाला कळंना. त्याच्या घरी बाग न्हाई. मंग त्याला सांगितलं ते इथंबी सांगतो. मोसंबीला बारा महिने पाणी दिलं तर ती नुसती पालवत राहती, फुलत न्हाई. म्हणून बहार धरायच्या आधी पाणी तोडायचं. ह्याला ताण देणं म्हणतात. जमीन भेगाळती, पानं पिवळी पडून गळतात, झाड सोताच्या पोटातलं खाऊन दिवस काढतं. नवखा माणूस अशी बाग पाहून घाबरतो, मेली म्हणतो. पण नेमक्या दिवशी खत घालून हलकं पाणी सोडलं, मंग त्याच्यावर दुसरं भारी पाणी दिलं, की झाड पांढरं फुलतं. रस्त्यानं जाणाऱ्याला वास येतो. मी जन्मभर हेच केलं. उपाशी ठेवून झाड नवं करायचं. आन तव्हा माझी बाग ताणावरच होती, मार्गशीर्ष चालू होता. बागेत ताण, घरात ताण. मला ते लई जुळल्यासारखं वाटलं.

हिला म्हणलं, "धर उपास. तुझा ताण चालू हाय."

"मी काय झाड हाय?"

"झाडापरीस येगळी काय?"

"झाड बोलत न्हाई. म्हणून तुमचं जमतं त्याच्यासंगं."

दुसऱ्या डोसाला गेलो तो दिवस बुधवारचा. हिला काट्यावर उभी केली. रक्त तपासलं. आम्ही आत गेलो तर डॉक्टरीणबाईनं कागदावरून नजर न काढता सांगितलं, "आज डोस देता येणार नाही. वजन उतरलंय, रक्त कमी झालंय, पांढऱ्या पेशीही कमी आहेत." मंग हिच्याकडं वळून म्हणाली, "मावशी, जेवता ना?"

"जेवते की."

"आज सकाळी काय खाल्लं?"

"आज दवाखाना हाय ना. उपाशीपोटी आले."

"आणि काल?"

"काल मंगळवार."

"परवा?"

"परवा चतुर्थी होती. पण चंद्र दिसल्यावर भाकर खाल्ली. अर्धी."

बाईनं पेन खाली ठेवला. "दवाखान्यात उपाशीपोटी यायचं, हे कोणी सांगितलं?"

"तुमच्याच माणसानं. मशीनीत घातलं तव्हा."

"ते त्या तपासणीपुरतं होतं, मावशी."

"मला काय ठाव? मला वाटलं, देवळात पारोसं जायचं न्हाई तसं दवाखान्यात खाऊन यायचं न्हाई."

मला राहवलं न्हाई. हिची बाजू पडती असं दिसलं की मी मधे पडतो, मंग घरी आम्ही कितीबी भांडत असू. म्हणलं, "म्याडम, उपासानं नुकसान न्हाई. आतला कचरा खाल्ला जातो. ऑटोफॅजी."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. हसली न्हाई, हे मी ध्यानात ठेवलं. "बाबा, तुम्ही म्हणताय ते खोटं नाही. पण अर्धं आहे. आणि ह्या अर्ध्यावर मावशींचं ऑपरेशन अडून बसेल. असेच डोस पुढं ढकलत गेलो तर गाठी आपल्यासाठी थांबणार नाहीत. पुढच्या आठवड्यात परत बघू. तोपर्यंत ह्यांच्या पोटात अन्न गेलं पाहिजे."

"मंग उरलेलं अर्धं सांगा. त्याबिगर मी उठत न्हाई."

"बाहेर रांग आहे, बाबा."

"मंग रांग सरल्यावर सांगा. मी बाहेर बसतो."

आन बसलो. बाया येत होत्या, जात होत्या. त्या दवाखान्याच्या ह्या अंगाला सगळ्या बायांचेच आजार. गडीमाणसं बाहेर भिंतीला टेकून मोबाईल पाहत होती, आतलं आपल्याला काय करायचं अशी. ही माझ्या खांद्याला टेकून झोपली. तिचं डोकं मला लई हलकं लागलं. सुगडासारखं.

रांग सरल्यावर बाईनं खरंच बोलावलं. डबा उघडला, एक पोळी हिच्या हातात दिली आन मला म्हणाली, "विचारा."

"कचरा म्हंजे काय? मास्तरनं दाखवलं त्यात नुसतं कचरा-कचरा होतं."

"पेशीच्या आत कामाचे भाग असतात. ते झिजतात, मोडतात. पेशी त्या मोडक्या भागाभोवती एक पिशवी गुंडाळते. ती दुसऱ्या पिशवीला जोडते, तिच्यात पाचक रस असतात. मोडकं विरघळतं. त्यातून जे निघतं ते परत वापरायला घेते. चांगल्या पेशीत हे रोज चालू असतं, उपास असो नसो. उपाशी राहिलं की जास्त चालतं, एवढंच. आणि ही साफसफाई नीट चालली तर कॅन्सर सुरू व्हायची शक्यता कमी होते, असं दिसतं."

"मंग मी म्हणलो तेच झालं."

"थांबा की. कॅन्सर झाल्यावर त्या पेशी कुठून आल्या? बाहेरून नाही आल्या. मावशींच्याच आहेत. त्यांनाही हे खाणं येतं. गाठीच्या आतल्या भागात रक्त नीट पोचत नाही, त्या तिथं उपाशीच वाढलेल्या असतात. आम्ही औषध सोडतो, त्यांची मोडतोड होते. मग त्या मोडलेलं गोळा करतात, खातात आणि तग धरतात. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये काही वेळा औषध लागू पडेनासं होतं. त्याच्या कारणांत हेही एक असावं, असं शास्त्रज्ञांना वाटतं."

हे मला लई नवं होतं. मंग म्हणलं, "म्हंजे उपाशी राहून घरचा गडीबी जगतो आन चोरबी जगतो."

"हो."

"आन उपाशी राहायची सवय चोरालाच जास्ती."

बाई हसली. "बरोबर. आणि तुम्ही मावशींना उपाशी ठेवलं तर चोर त्यांच्या अंगातूनच ओढून घेतो. उपाशी कोण राहिलं? मावशीच."

ही पोळी चावता चावता म्हणली, "ह्यांना उपाशी ठिवा, मंग समजंल."

मी तिकडं ध्यान दिलं न्हाई. मला पुढचं विचारायचं होतं. "मंग चोराचं ते खाणंच बंद करायचं औषध न्हाई का?"

"तेच शोधतायत. मलेरियाची एक जुनी गोळी आहे, सांधेदुखीलाही देतात. तिच्यामुळं त्या पाचक पिशव्यांचं काम बिघडतं. गुंडाळलेलं पचतच नाही." आन तिनं गोळीचं लांबलचक नाव घेतलं.

ते नाव मला वळखीचं लागलं. माझ्या बोटांचे सांधे सुजतात, म्हणून मी रोज एक गोळी खातो. बंडीच्या खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "ही का?"

बाईनं वाचलं. तिच्या भुवया वर गेल्या. "हीच की!"

"मंग झालं. आजपास्नं अर्धी हिला, अर्धी मला."

"बिलकुल नाही!" तिनं पाकिटावर हातच ठेवला. "बाबा, असलं काही करायचं नाही. ही गोळी केमोबरोबर देऊन बघतायत, पण तपासणीत, डॉक्टरांच्या नजरेखाली. कुठं थोडा गुण दिसतो, कुठं काहीच नाही. डोळ्यांना, हृदयाला त्रास होऊ शकतो. आणि उलटंही आहे: काही औषधं पेशीला स्वतःला इतकं खायला लावतात की ती मरून जाते. म्हणजे कुठं अडवायचं आणि कुठं वाढवायचं, हेच अजून पक्कं झालेलं नाही."

"म्हंजे तुम्हालाबी न्हाई ठाव."

"सगळं नाही ठाव."

एवढी शिकलेली बाई माझ्यासमोर सरळ असं म्हणाली, मला ते आवडलं. शिकलेली माणसं मला भेटली ती बहुतेक करून सगळं ठाव असलेलीच भेटली.

"आन उपास? मोबाईलवाला म्हणतो—"

"उपास आणि केमो, त्याच्यावरही अभ्यास चालू आहेत. पण ज्यांचं वजन चांगलं आहे त्यांच्यावर, थोडक्या वेळासाठी, रोज तपासत. मावशींच्या अंगावर आता मांस राहिलेलं नाही, बाबा. ह्यांना नाही चालायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो. ताण बराबर बसला होता. पानं पिवळी, गळालेल्या पानांचा सडा, माती कोरडी ठणठणीत. झाडाखालचं गवत वाळून काडी झालेलं. पण एक जिन्नस हिरवी होती: लव्हाळा. मी त्याला रोज पाहतो आन रोज शिव्या देतो. त्या दिवशी खाली बसलो आन खुरप्यानं एक बूड उकरलं. खाली मातीत काळ्या गाठी, एकीला एक दोऱ्यानं बांधल्यासारख्या. वरून पाणी तुटलं की लव्हाळा त्या गाठीवर जगतो. झाडाला ताण बसतो, त्याला बसत न्हाई. ही जन्मभराची माझी वळख, पण चोराशी जोडून मी तिच्याकडं पाहिलं नव्हतं. पुढं हे मी बाईला सांगितलं तव्हा ती म्हणाली, जवळपास तसंच, पण पुरं तसं न्हाई. लव्हाळा साठवलेलं खातो, गाठ आपलंच घर मोडून खाती. फरक मला पटला.

आन विहिरीच्या कोपऱ्यावर माझं एक झाड हाय, त्याला सल पडलेली. म्हंजे शेंड्याकडून फांद्या वाळत चाललेल्या. त्या झाडाला मी ताण देत न्हाई. सगळ्या बागेचं पाणी तोडतो, पण त्याला बादलीनं घालतो. अशक्त झाडाला ताण दिला तर ते फुलत न्हाई, जातं. हे मला कुणी शिकवलं न्हाई. बादली हातात घेऊन मी त्या झाडापाशी उभा राहिलो आन माझं मला समजलं. माझा ताणाचा हिशेब बराबर होता. झाड चुकीचं धरलं होतं.

घरी येऊन हिला म्हणलं, "तुझा ताण मोडला. आजपास्नं जेवायचं. उपास बंद."

"बंद म्हंजे?"

"बंद म्हंजे बंद. डॉक्टरीण म्हणली."

"डॉक्टरीण देवीपरीस मोठी का?"

"देवीला सोड असं ती म्हणली न्हाई. जेव म्हणली."

"मी बोलून बसले. बरी होईपर्यंत मंगळवार. आता मधीच तोंड फिरवू? आन देवीनं फिरवलं तर?"

इथं माझं चालंना. मला हट्टी म्हणतात ते लोकांनी हिला पाहिलेलं न्हाई म्हणून. सुनेनं तूप सोडून शिरा केला, तो तसाच राहिला. गुरुवार होता, मार्गशीर्षातला. मी ताट हिच्याकडं सरकवलं, हिनं माझ्याकडं सरकवलं. सांजच्याला जावई आला. मी फोन करून त्याला झापलंच होतं. तो बिचारा हिच्यासमोर मांडी घालून म्हणाला, "मामी, मी ते पुरं ऐकलं नव्हतं. माझ्यासाठी तरी जेवा." ही म्हणली, "तुम्ही जेवा जावईबापू, शिरा हाय," आन त्यालाच खाऊ घातलं.

आमच्याकडं एक चाल हाय. घरातली बाई आजारी असली, बाळंत असली, तर तिचा वार दुसरी बाई धरती. उपास मोडत न्हाई, नुसता खांदा बदलतो. सून म्हणली, "आत्या, तुमचे सगळे वार मी धरते." पण तिचं लेकरू अंगावर पितं. ही म्हणली, "तू उपाशी राह्यलीस तर त्याला काय, पाणी पाजशील? न्हाई."

लेक म्हणली मी धरते. तर ती दुसऱ्या घरची झाली, तिचा उपास तिच्या सासरच्या देवाला.

मी म्हणलं, "मी धरतो."

ही जी हसायला लागली, ती पोट धरून. आजार झाल्यापासून अशी हसली नव्हती. "तुम्ही? न्याहारीला जरा उशीर झाला तर चुलीपाशी येऊन भांडी वाजवता तुम्ही!"

"गड्यानं धरू न्हाई असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलं न्हाई. पण कुणी धरला बी न्हाई."

"बागेत ठिबकची नळी गावात पहिल्यांदा कुणी अंथरली?"

ती हसायची थांबली. मी थट्टा करत न्हाई हे तिला समजलं. तिनं देवघराकडं पाहिलं. मंग म्हणली, "माझ्यासारखा धरावा लागंल. खिचडी न्हाई."

"न्हाई."

"मंगळवार पाण्यावर. डॉक्टरीणबाई तुमच्या गोळीला न्हाई म्हणली तर न्हाई, हो म्हणली तर ती तेवढी घ्या."

"बरं."

"तंबाखू न्हाई."

"आता तंबाखू कुठं अन्न हाय?"

"तोंडात जाती ना?"

मी लई वाद घातला. ती ऐकंना. शेवटाला हो म्हणलं. "आन," ती म्हणली, "उपासाच्या दिशी खोटं बोलायचं न्हाई."

तिनं देवापुढं सुपारी ठेवली, माझ्या हातावर पाणी सोडलं आन देवीला मोठ्यानं सांगितलं, की बाई, माझे वार ह्यांच्याकडं दिले, बरी होईस्तवर. ह्यांच्याकडून काही चुकलं तर ते त्यांच्याकडं, माझ्याकडं न्हाई. मंग ताटाला बसली. मुगाची डाळ आन दुधात कुस्करलेली भाकर. जात नव्हती, तोंडाला चव नव्हती, तरी खाल्ली. एक घास, मंग पाणी, मंग एक घास.

आता माझ्या पहिल्या मंगळवारचं सांगतो. मी आधीच डॉक्टरीणबाईला फोन लावून विचारलं, तिनं माझ्या साखरेचं, बीपीचं विचारलं आन म्हणाली, गोळी आदल्या रात्रीच जेवल्यावर घ्या, पाणी भरपूर प्या, चक्कर आली तर उपास मोडायचा. सकाळ बरी गेली. न्याहारीच्या वेळेला पोट आपोआप ओरडलं, घड्याळासारखं. दुपारी ही माझ्यासमोरच बसून उकडलेलं अंडं खायला लागली. मुद्दाम. म्हणली, "म्याडमनं सांगितलंय, पोटात अन्न गेलं पाहिजे." तंबाखूची डबी सुनेकडं होती, ती मागायची सोय नव्हती. मी बागेत जाऊन बसलो.

आन तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात यायला लागलं, की आता आत काय चालू असंल? भूक लागली ती नुसती पोटात लागती. पण आत पेशीपेशीत कुठंतरी पिशव्या गुंडाळणं चालू झालं असंल. काय खात असतील? बोटाच्या सांध्यातलं सुजलेलं खात असतील का? का डोळ्यातलं काही? मला काही जाणवत न्हाई. एवढं मोठं काम माझ्याच अंगात चालू आन मालकाला खबर न्हाई. मी बोटं उघडून मिटून पाहिली. मंग दुसरंच ध्यानात आलं. उपास ते खाणं वाढवतो आन माझी गोळी ते खाणं अडवती. म्हंजे एका अंगानं मी पाणी सोडून राह्यलो आन दुसऱ्या अंगानं तुंबवून राह्यलो. मंग माझ्या आत कोण जिंकतं? सांज होईपर्यंत मी हाच विचार केला, आन भुकेचं पुष्कळ विसरलो.

पुढच्या आठवड्यात हिचं वजन थोडं वर आलं, रक्त अजून पुरं नव्हतं. त्याच्या पुढच्या फेरीला डॉक्टरीणबाईनं कागद पाहिला, हिची जीभ पाहिली, पायाची सूज दाबून पाहिली आन नर्सबाईला म्हणाली, "लावा." दिवस मंगळवारचा पडला होता. म्हंजे माझा.

बागेचा ताण आम्ही आदल्या दिवशीच मोडला होता, पहिलं हलकं पाणी सोडलं होतं. तिथं नळीतून थेंब थेंब झाडाच्या बुडाला पडत होता. इथं वर बाटली टांगली आन थेंब थेंब हिच्या हातात पडायला लागला. मी बाटलीवरची कळ पाहिली, थेंब कमी-जास्त करायची. आमच्या नळीलाबी असती. नर्सबाई म्हणाली, "बाबा, हात नाही लावायचा." मी लावत नव्हतो. पाहत होतो.

डॉक्टरीणबाई चक्कर मारायला आली तव्हा मी तिला माझा प्रश्न विचारला: उपास आन गोळी, माझ्यात कोण जिंकतं? बाई थांबली. खरंच विचार करायला लागली. "एका गोळीच्या डोसानं तुमच्यात किती अडतं, एका दिवसाच्या उपासानं किती वाढतं... मला नाही सांगता येणार, बाबा. मोजायला सोपं नाहीये ते."

"आन हिच्या गाठीत कोण जिंकतं, ते तरी?"

"ते पुढच्या स्कॅनला कळेल. मग ऑपरेशनचं ठरवू. आज डोस चाललाय, एवढं चांगलं आहे."

बाई गेली. मी स्टुलावर बसलो. डब्यात हिच्यासाठी भाकर, डाळ आन सोललेली मोसंबी होती. मी एक फोड तिच्या हातात दिली. फोडीचा वास नाकात गेला आन माझ्या पोटातून असा आवाज निघाला, की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवली.

हिनं डोळे मिटलेले होते. तसंच विचारलं, "भूक लागली का हो?"

"न्हाई."

तिनं एक डोळा उघडला. "आज काय वार हाय?"

मी खिडकीकडं पाहिलं. मंग म्हणलं, "मंगळवार. लागली. लई लागली."

"मंग बराबर हाय," ती म्हणली, आन फोड तोंडात टाकली.